हिम व बर्फ यांवरील मोटारचालन

हिमाने झाकलेल्या किंवा गोठलेल्या रस्त्यावरून मोटारगाडी नेण्याच्या रीतींचा आणि त्यासाठी वेळोवेळी निघालेल्या साधनांचा इतिहास. नेहमीच्या मोटारगाडीत एंजिनाची शक्ती पुढच्या किंवा मागच्या दोनच चाकांना मिळते. अशा गाडीस येथे द्विचालित म्हटले आहे. जिच्यात ती चारही चाकांना मिळते त्या गाडीस व्यवहारात ‘फोर व्हील ड्राइव्ह’ म्हणतात. तिच्यासाठी चतुश्चालित हा शब्द योजला आहे. हिमप्रदेशात चतुश्चालित गाडी निर्धोक व द्विचालित गाडी धोक्याची, अशी समजूत सर्वत्र आढळते. ती अर्धीच खरी आहे. कोणती अर्धी खरी व कोणती खोटी, हे उलगडायला वाहनशास्त्राला जवळजवळ पाऊण शतक लागले आणि सामान्य चालकापर्यंत ते अजूनही पुरते पोहोचलेले नाही.

हिम म्हणजे आकाशातून पडलेला भुसभुशीत किंवा वाहनांखाली दाबला गेलेला थर आणि बर्फ म्हणजे गोठलेले पाणी, हा भेद चालकाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. टायर व रस्ता यांमधील पकड घर्षणांकाने मोजतात. कोरड्या डांबरी रस्त्यावर हा अंक सु. ०·७ ते ०·८ असतो. दाबलेल्या हिमावर तो सु. ०·२ ते ०·३ पर्यंत उतरतो आणि नितळ बर्फावर ०·१ किंवा त्याहूनही कमी होतो. तपमान शून्य अंश सेल्सिअसच्या आसपास असताना बर्फावर पाण्याचा पातळ पापुद्रा असतो, म्हणून कडाक्याच्या थंडीतल्या बर्फापेक्षा वितळू लागलेला बर्फ अधिक निसरडा ठरतो. ताशी ५० किमी. वेगाने जाणारी गाडी ब्रेक लागल्यानंतर कोरड्या रस्त्यावर सु. १३ मी. अंतरात थांबत असेल, तर दाबलेल्या हिमावर तिला सु. ५० मी. आणि बर्फावर जवळजवळ १०० मी. लागतात. या हिशेबात एंजिनाची शक्ती किती चाकांना मिळते याचा कोठेही संबंध येत नाही. ब्रेक प्रत्येक गाडीच्या चारही चाकांवर असतात. थांबण्याच्या बाबतीत सर्वच गाड्या सारख्या असतात. वळणावर गाडीला बाहेर फेकणाऱ्या प्रवृत्तीला आवर घालते तीही टायरांची बाजूची पकड, एंजिन नव्हे.

चालनाचा प्रश्न येतो तो गाडी सुरू करताना, चढ चढताना आणि रुतलेली गाडी बाहेर काढताना. घर्षणांक ०·२ असेल, तर चतुश्चालित गाडी सिद्धांततः पाचास एक इतका चढ चढू शकते. निम्मेच वजन चालक चाकांवर असलेली द्विचालित गाडी दहास एक या चढावरच चाके फिरवीत उभी राहते. हा फरक मोठा आहे आणि चतुश्चालित गाडीची कीर्ती त्यावरच उभी आहे. परंतु चढलेली गाडी उतरावीही लागते. दहास एक या उतारावर कोणत्याही गाडीची निम्मी पकड गुरुत्वाकर्षणाला तोंड देण्यात खर्ची पडते आणि निम्मी थांबण्यासाठी उरते; तिला सपाट रस्त्याच्या दुप्पट अंतर लागते, पण ती थांबते. पाचास एक या उतारावर काहीच उरत नाही. म्हणजे द्विचालित गाडीचे चढावर अडणे ही एक प्रकारची पूर्वसूचना असते. चतुश्चालित गाडीत ती सूचना मिळत नाही आणि जेथून परतणे कठीण अशा जागी चालक सहज जाऊन पोहोचतो. हिमावरील मोटारचालनाच्या इतिहासातील बहुतेक गोंधळाचे मूळ येथे आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी हा प्रश्न उद्‌भवतच नव्हता. उत्तर अमेरिका व युरोप यांच्या थंड भागांत हिवाळी वाहतूक घोड्यांच्या घसरगाड्यांनी होई. रस्त्यावरील हिम दूर करण्याऐवजी मोठे लाकडी रूळ फिरवून ते दाबून टाकण्याची पद्धत अमेरिकेच्या ईशान्य भागात रूढ होती, कारण घसरगाडीला हिमच हवे असे. उघड्या टपाच्या मोटारगाड्या हिवाळ्यात ठोकळ्यांवर उचलून गोठ्यात ठेवून देत. जे हिवाळ्यातही गाडी बाहेर काढीत ते चाकांना दोर गुंडाळीत. न्यूयॉर्क राज्यातील हॅरी वीड यांनी हीच कल्पना सुधारून टायरावर आडव्या बसणाऱ्या साखळ्यांच्या जाळीचे एकस्व १९०४ मध्ये मिळविले. साखळी हिमात रुतते व बर्फात दाते रोवते. तिचा उपयोग पुढे जाण्यासाठी, वळण्यासाठी व थांबण्यासाठीही होतो. मात्र ज्या चाकांवर ती असेल तेवढ्यांपुरताच. मोकळ्या रस्त्यावर ती टायर व रस्ता दोहोंची खराबी करते आणि वेगही फार ठेवता येत नाही. तरीही सव्वाशे वर्षांत तिची जागा घेणारे तितके खात्रीचे साधन निघालेले नाही.

चारही चाकांना शक्ती देण्याची कल्पना हिमासाठी जन्मलेली नाही. नेदर्लंड्समधील स्पायकर बंधूंनी १९०३ मध्ये सहा सिलिंडरांची चतुश्चालित शर्यतगाडी बांधली. तिला ब्रेकही चारही चाकांवर होते, आणि त्या काळी ही गोष्ट चालनाइतकीच अपूर्व होती. कारण तेव्हाच्या गाड्यांचे ब्रेक सामान्यतः मागच्या चाकांवरच असत व चारही चाकांवर ते सर्रास येण्यास १९२० नंतरचे दशक उजाडावे लागले. हिवाळ्याशी थेट गाठ पडली ती अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात. क्लिंटनव्हिल या गावी यंत्रकाम करणाऱ्या ऑटो झाको व विल्यम बेसरडिच या मेहुण्यांनी चतुश्चालनाच्या रचनेचे एकस्व १९०८ मध्ये घेतले. वळताना पुढची चाके वळली पाहिजेत आणि त्याच वेळी त्यांना शक्तीही मिळाली पाहिजे, ही खरी अडचण होती. ती त्यांनी बंदिस्त फिरत्या सांध्याने सोडविली. त्यांच्या कंपनीच्या मोटारी फारशा खपल्या नाहीत. मालमोटारी मात्र पहिल्या महायुद्धात हजारोंनी गेल्या. युद्ध संपल्यावर सैन्याकडील शिल्लक मालमोटारी राज्यांच्या रस्ते विभागांना वाटण्यात आल्या आणि पुढे नांगर जोडून त्या हिम बाजूस सारण्याच्या कामी लागल्या. यामुळे रस्ते हिवाळाभर मोकळे राहू लागले आणि मोटारगाड्या गोठ्यात ठेवण्याचे कारण उरले नाही. चतुश्चालनाची हिमप्रदेशातील सर्वांत मोठी कामगिरी बहुधा हीच होय : द्विचालित गाड्यांसाठी तिने रस्ता करून दिला.

याच सुमारास रशियात वेगळा प्रयोग चालू होता. झार दुसरा निकोलस याच्या वाहनशाळेतील फ्रेंच तंत्रज्ञ आदोल्फ केग्रेस याने राजवाड्यातील गाड्यांच्या मागच्या चाकांच्या जागी रबरी पट्टे व पुढच्या चाकांखाली घसरपट्ट्या बसविल्या. पट्ट्यांमुळे गाडीचे वजन मोठ्या क्षेत्रावर विभागले जाते व ती भुसभुशीत हिमात रुतत नाही. क्रांतीनंतर अशीच एक रोल्स-रॉइस गाडी लेनिन यांच्या सेवेत होती. ती मॉस्कोजवळील गोर्की येथे जतन केलेली आहे. केग्रेस फ्रान्सला परतल्यावर सीत्रॉएन कंपनीने त्याची रचना उचलली. या कंपनीच्या आशिया-मोहिमेतील दोन पट्टागाड्या १९३१ च्या उन्हाळ्यात श्रीनगरहून बुर्झिल खिंडीच्या मार्गाने गिलगिटला पोहोचल्या. वाटेत काही ठिकाणी त्या सुट्या करून हमालांच्या पाठीवरून न्याव्या लागल्या, हे मोहिमेच्या प्रसिद्धीत थोडे मागे पडले. पट्टागाडी मंद, खर्चिक व फार इंधन खाणारी असल्याने सामान्य वाहतुकीत ती टिकली नाही.

दुसऱ्या महायुद्धातील जीपगाडीने (१९४१) चतुश्चालन घरोघरी माहीत केले. ब्रिटनमध्ये १९४८ मध्ये लँड रोव्हर गाडी आली. भारतात महिंद्र उद्योगाने १९४७ पासून मुंबईत विलिस जीपगाड्या जुळविण्यास प्रारंभ केला आणि मुंबईच्या दमट हवेत जुळविलेली ही गाडी काश्मीर, लाहूल व सिक्कीम येथील हिमाळ रस्त्यांची ओळखीची गाडी झाली. त्या पिढीच्या गाड्यांत मागची चाके नेहमी चालक असत व पुढची चाके गरजेनुसार एका तरफेने जोडून घेत. वळणावर पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा लांबच्या मार्गाने जातात. तो फरक सामावून घेणारे यंत्र मध्ये नसल्याने कोरड्या रस्त्यावर चारही चाके जोडलेली ठेवली, तर टायर घासतात व दंतचक्रांवर ताण येतो. हिमावर चाके थोडी घसरून हा ताण सुटतो. नितळ बर्फावर मात्र हेच घसरणे चालकाच्या अंगावर येते. वळणावर चाकांची एखादी जोडी घसरलीच पाहिजे अशी ही रचना असते आणि पुढची जोडी घसरली की गाडी चालकाने फिरविलेल्या चक्राला न जुमानता सरळ जाते.

चतुश्चालित गाड्या सैन्य, शेती व वनखाते यांच्याकडे असताना युरोपातील सामान्य माणूस हिवाळ्यात द्विचालित गाडीच चालवीत होता, आणि बऱ्यापैकी चालवीत होता. फोक्सवॅगन ‘बीटल’ गाडीचे एंजिन मागे, चालक चाकांच्या वर असे; वजन नेमके हवे तेथे पडे आणि एंजिन हवेने थंड होणारे असल्याने पाणी गोठण्याची भीती नसे. स्वीडनच्या साब कंपनीने १९४९ च्या अखेरीस उत्पादनात आणलेल्या गाडीत एंजिन व चालक चाके दोन्ही पुढे होती. पुढून ओढली जाणारी गाडी घसरली तरी बहुधा नाकाच्या दिशेने घसरते आणि पाय उचलताच पुष्कळदा सावरते. मागून ढकलली जाणारी गाडी शेपूट फिरवून आडवी होते. जानेवारीत आल्प्समधून जाणाऱ्या मॉन्टी कार्लो रॅलीत याचा पडताळा आला. एरिक कार्लसन यांनी १९६२ व १९६३ मध्ये ती साब गाडीतून जिंकली. १९६४, १९६५ व १९६७ मध्ये पुढच्या चाकांनीच चालणारी लहानशी ‘मिनी कूपर’ विजयी झाली. १९६५ ची स्पर्धा विशेष उल्लेखनीय होय. हिमवादळामुळे दोनशेहून अधिक गाड्यांपैकी थोड्याच अखेरपर्यंत पोहोचल्या, आणि त्यांत टिमो मॅकिनेन यांची मिनी पहिली आली.

या यशामागे गाडीइतकाच टायरांचा हात होता. फिनलंडमधील सुओमेन गुम्मितेहदास या रबर कारखान्याने १९३४ मध्ये मालमोटारींसाठी खास हिवाळी टायर काढला व १९३६ मध्ये मोटारगाड्यांसाठी ‘हाक्कापेलिट्टा’ हा टायर आणला. (सतराव्या शतकात स्वीडिश सैन्यात लढणाऱ्या फिनिश घोडेस्वारांचे हे नाव.) रुंद खाचा असलेल्या या टायरात हिम भरते व दाबले जाते, आणि रस्त्यावरील हिमाला हे खाचांतले हिमच रबरापेक्षा घट्ट धरते. पुढे रबराच्या मिश्रणाकडे लक्ष गेले. साधा उन्हाळी टायर सु. ७° से. खाली कडक होऊ लागतो व रस्त्याच्या बारीक उंचसखलपणाशी मिळून येत नाही. हिवाळी टायराचे रबर थंडीतही मऊ राहते आणि त्यावर कोरलेल्या असंख्य बारीक चिरा कडा रोवण्याचे काम करतात.

बर्फासाठी टायरात कठीण धातूचे खिळे बसविण्याची पद्धत १९६० नंतर पसरली. पकड उत्तम मिळाली, पण मोकळे रस्ते खरवडले जाऊ लागले. पश्चिम जर्मनीने १९७५ मध्ये खिळेदार टायरांवर बंदी घातली. जपानमधील सेंडाई शहरात खिळ्यांनी उडविलेल्या डांबराच्या धुळीने आरोग्याचा प्रश्न निर्माण केला आणि १९९० मध्ये त्या देशाने असे टायर आवरण्याचा कायदा केला. त्यापायी सूक्ष्म छिद्रांच्या रबराचे, बर्फावरील पाण्याचा पापुद्रा शोषून घेणारे बिनखिळ्यांचे टायर झपाट्याने सुधारले. नॉर्वे, स्वीडन व फिनलंड येथे मात्र खिळेदार टायर हिवाळ्यापुरते अजून वापरात आहेत.

चतुश्चालनाला सामान्य मोटारगाडीत आणण्याचा पहिला विचारपूर्वक प्रयत्न ब्रिटनमध्ये झाला. ट्रॅक्टरांमुळे ख्याती पावलेले हॅरी फर्ग्युसन यांच्या संशोधनसंस्थेने कायम चारही चाके चालविणारी रचना तयार केली. तिच्यात पुढच्या व मागच्या चाकांमधील वेगाचा फरक सामावणारी मधली दंतचक्रमाला होती. या रचनेची जेन्सन एफएफ ही गाडी १९६६ मध्ये आली. तिच्यात विमानांसाठी निघालेली, चाके जखडू न देणारी ब्रेक-योजनाही होती. जाण्याची शक्ती वाढविली, तर थांबण्याचीही सोय केली पाहिजे, हे या मंडळींना प्रारंभीच उमगले होते. गाडी महाग होती; अवघ्या ३२० तयार झाल्या.

पुढील पाऊल जपानमध्ये पडले. तोहोकू या हिमबहुल प्रदेशातील वीज कंपनीला डोंगरातील तारांच्या पाहणीसाठी जीपपेक्षा ऊबदार व आरामशीर गाडी हवी होती. त्या मागणीतून सुबारूच्या सेंडाई भागातील विक्रेत्याने प्रायोगिक गाडी केली आणि १९७२ मध्ये लिओन ही चतुश्चालित गाडी बाजारात आली. अमेरिकेच्या हिमाळ राज्यांत सुबारू गाड्यांना जो वर्ग मिळाला त्याचा उगम या विजेच्या तारांपाशी आहे.

आउडी कंपनीची कथा अधिक गाजली. १९७७ च्या हिवाळ्यात फिनलंडमध्ये चाचण्या चालू असता, सैन्यासाठी बांधलेली कमी शक्तीची इल्टिस गाडी हिमावर जास्त शक्तीच्या गाड्यांना मागे टाकते, असे योर्ग बेन्सिंगर या अभियंत्याच्या लक्षात आले. पुढच्या जानेवारीत ऑस्ट्रियातील टुराखर होहे घाटात प्रायोगिक गाडी उन्हाळी टायरांवर, साखळ्यांशिवाय चढवून दाखविण्यात आली आणि १९८० मध्ये जिनीव्हा येथे ‘क्वात्रो’ गाडी प्रदर्शित झाली. उन्हाळी टायरांवरचा तो चढ विक्रीच्या दृष्टीने बिनतोड पुरावा होता. त्याच टायरांवर उतरण्याचा भाग मात्र कोणाच्या लक्षात राहिला नाही. १९८१ च्या मॉन्टी कार्लो रॅलीत हानू मिकोला यांनी क्वात्रोतून हिमावर काही मिनिटांची आघाडी मिळविली, पण पुढे अपघाताने ती हातची गेली. महिन्याभरातच स्वीडनमधील हिमावर तेच विजयी झाले. १९८४ मध्ये मॉन्टी कार्लोचे पहिले तीनही क्रमांक आउडीने घेतले. रॅलीतील विजय खरे होते. तथापि तेथे प्रत्येक टप्प्यासाठी टायर निवडून घेतलेले असत व बाजारात गाडी घेणाऱ्याला ते मिळत नसत, हा तपशील जाहिरातींतून वगळला गेला.

सुरक्षिततेची खरी भर ब्रेक व नियंत्रण यांच्या बाजूने पडली. चाके जखडू न देणारी बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक योजना १९७८ मध्ये मर्सिडीज-बेंझ गाडीत आली. तिने बर्फावर ब्रेक दाबूनही गाडी वळविता येऊ लागली. भुसभुशीत हिमात मात्र तिच्यामुळे थांबण्याचे अंतर वाढू शकते, कारण जखडलेल्या चाकापुढे हिमाचा जो ढीग साचून आपोआप अडसर होतो तो होत नाही. १९९५ मध्ये आलेल्या स्थैर्यनियंत्रण यंत्रणेने एकेका चाकाचा ब्रेक स्वतंत्रपणे लावून आडव्या होणाऱ्या गाडीस सावरता येऊ लागले. ही यंत्रणा द्विचालित व चतुश्चालित दोन्ही प्रकारांत सारखीच उपयोगी ठरते आणि आता ती अनेक देशांत सक्तीची आहे. १९९० नंतर अमेरिकेत व मागोमाग इतरत्र उंच, जड चतुश्चालित गाड्यांची लाट आली. त्यांचा गुरुत्वमध्य उंच असल्याने घसरून कठड्यास किंवा चारीस लागल्यावर त्या उलटण्याचा संभव बैठ्या गाडीपेक्षा अधिक असतो.

कायद्यांनी कोणता पक्ष घेतला, हे पाहण्याजोगे आहे. स्वीडनने डिसेंबर १९९९ पासून हिवाळी परिस्थितीत हिवाळी टायर सक्तीचे केले. कॅनडाच्या क्वेबेक प्रांताने २००८ मध्ये तसेच केले. गाडी किती चाकांनी चालते हे या नियमांत विचारलेले नाही. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात घाटांतील नियंत्रणाच्या तीन पायऱ्या आहेत. दुसऱ्या पायरीवर चतुश्चालित गाडीस साखळ्यांतून सूट मिळते, पण चारही चाकांवर हिमटायर असले तर, आणि साखळ्या गाडीत असल्या तरच. तिसऱ्या पायरीवर कोणासही सूट नाही.

भारतीय हिमालयात हा प्रश्न अलीकडे वेगळ्या रूपात उभा राहिला आहे. सीमा रस्ते संघटनेची १९६० मधील स्थापना, जबलपूर येथे बांधलेली जोंगा व १९८५ मध्ये आलेली मारुती जिप्सी या गाड्या, यांमुळे सु. ३,५०० मी. उंचीच्या झोजी ला खिंडीसारखे मार्ग सैन्याच्या नित्य वापरात आले. तेथील चालक तयारीचे व गाड्या साखळ्यांसह निघणाऱ्या होत्या. रोहतांग खिंडीखालील ९·०२ किमी. लांबीचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाल्यावर मनालीपलीकडील हिवाळा मैदानी प्रदेशातून, मुंबई-पुण्याहूनही, स्वतःच्या गाडीने येणाऱ्या पर्यटकांच्या आवाक्यात आला. हिमपात झाला की स्थानिक प्रशासन पुढे बहुधा चतुश्चालित किंवा साखळ्या लावलेल्या गाड्यांनाच सोडते. चढावर अडकून रस्ता बंद पाडणाऱ्या गाड्या यामुळे टळतात, एवढ्यापुरता नियम योग्य आहे. परंतु भारतात मोटारगाड्यांसाठी हिवाळी टायरांची सक्ती नाही व ते सहसा लावलेलेही नसतात. त्यामुळे तपासनाक्यावरून पुढे गेलेली चतुश्चालित गाडी पुष्कळदा दख्खनच्या उन्हासाठी बनविलेल्या टायरांवरच सोलंगचा उतार उतरत असते. सूर्य मावळल्यावर दिवसभर वितळलेले पाणी पुन्हा गोठते. त्याचा थर इतका पारदर्शक असतो की खालचे डांबर जसेच्या तसे दिसते आणि रस्ता नुसता ओला आहे असा भास होतो. लाहूल व मनाली येथील टॅक्सीचालक अशा वेळी चार वाजण्याच्या आत खाली येतात आणि उशीर झालाच तर पहिल्या गिअरात, ब्रेकला जवळजवळ पाय न लावता, समोरच्या गाडीपासून लांब अंतर ठेवून उतरतात. त्यांच्यापैकी अनेकांच्या गाड्या द्विचालित असतात.